एकशे बारा मसुदे

वैशाली : काका, हे पत्र तुमचं ना? चार्जर काढायला लॅपटॉपच्या बॅगेचा मागचा कप्पा उघडला, त्यात होतं. आंतर्देशीय हाय. आता कोण लिहितं हो असलं?

महिपती : माझंच. म्हणजे मला आलेलं. इकडे द्या.

वैशाली : घडीवर फाटलंय. जुनं दिसतंय.

महिपती : अकरा वर्षं झाली. उत्तर द्यायचं राहून गेलं.

अनिता : कोणाचं रे दादा?

महिपती : शाळेच्या ग्रंथालयातलं जुनं काम होतं. तू बाजारात जाणार होतीस ना?

अनिता : जाते. पण आधी ही काय करणार ते कळू दे. लॅपटॉप माझ्या नातीला, किमयाला जायचाय. रोह्याला कॉलेजात वर्गातल्या सगळ्यांकडे आहे म्हणते. बोल गो वैशाली, दम आहे का यात?

वैशाली : यंत्राला काय झालेलं नाय, मावशी. आत कचरा झालाय. चालू व्हायला वीस मिनटं घेतो, मग निळा पडदा येतो नि तिथंच बसतो. काकांनी समोर आलेल्या हरेक खिडकीला 'ओके' केलंय.

महिपती : ते विचारत होते. नाही कसं म्हणायचं?

अनिता : ऐकलंस? भाजीवाला किडकी वांगी देतो तरी हा 'असू दे' म्हणून घेऊन येतो. जन्मभर असाच.

वैशाली : तर आता सगळं पुसायचं. हार्ड डिस्क कोरी करायची, विंडोज नव्यानं टाकायचं, मग मराठी टायपिंग नि कॉलेजला लागतं ते. संध्याकाळी साडेपाचला न्या. पण ठेवायचं काय ते आत्ता सांगा. एकदा पुसायला लागलं की मागं नाय फिरता येत.

अनिता : किमयाच्या बारशाचे फोटो घे. आणि आमच्या ह्यांचा एक आहे, फेटा बांधलेला. बाकी या दादाच्या याद्या. पुस्तकांच्या. त्या काय, असल्या नसल्या सारख्याच.

वैशाली : त्या पण घेते पेनड्राइव्हवर, डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लावून. जा तुम्ही, मावशी.

अनिता : दादा, इथेच बस. हिला आणखी कशाला 'हो' म्हणू नकोस.

महिपती : नाही म्हणणार.

वैशाली : ...फोटो आले. याद्या आल्या. काका, एक फोल्डर राहिलं. नाव आहे 'उत्तर'. त्यात एकशे बारा फायली.

महिपती : ते नको.

वैशाली : एवढं लिहिलेलं टाकून द्यायचं?

महिपती : ते पुसायलाच आलो आहे मी. तुम्हाला एक विचारू? दुकानाबाहेर तुमची पाटी आहे, 'डिलीट झालेलं परत मिळवून देऊ' अशी. ती खरी आहे का?

वैशाली : म्हणजे काय. जोह्याच्या एका गणपती कारखान्यात सुनेनं चुकून फॉरमॅट मारला होता. पाच वर्षांच्या मूर्तींचे फोटो. मीच काढून दिले, बहुतेक सगळे आले.

महिपती : मग तुम्ही आज हे पुसाल, आणि उद्या रोह्याला कोणीतरी परत काढेल.

वैशाली : कोण कशाला काढेल?

महिपती : किमयाच्या मैत्रिणी असतील. बिघडला तर तिथला दुरुस्तीवाला असेल. रात्रभर मी हाच विचार करतो आहे.

वैशाली : बघा काका, साध्या फॉरमॅटमध्ये मजकूर जात नाय. तो कुठं ठेवलाय त्याची नोंद तेवढी जाते.

महिपती : म्हणजे तालिकेतलं कार्ड फाडायचं आणि पुस्तक कपाटात तसंच ठेवायचं.

वैशाली : हां, अगदी तसंच. तुम्हाला लवकर समजलं. लोकांना अर्धा तास समजवावं लागतं. पण दुसरी पद्धत हाय. डिस्कवर जेवढी जागा हाय, त्या सगळ्या जागेवर शून्य लिहीत जायचं. मग मला पण नाय काढता येणार. दोन-अडीच तास जादा लागतात, मग साडेपाचऐवजी रात्री आठला मिळेल.

महिपती : तसं करा.

वैशाली : करते.

महिपती : दोनदा करता येईल का?

वैशाली : काका, आता मला सरळ विचारू दे. दुकान माझ्या नावावर हाय. कोणाला धमकावलंय, फसवलंय, असलं काही असेल तर मी हात नाय लावणार.

महिपती : नाही हो. तसलं काही नाही. मी कोणाला काय धमकावणार?

वैशाली : ते दिसतंय. पण मग मला पण एक कबूल करायला पाहिजे. कॉपी करायच्या आधी मी एक-दोन फायली उघडून बघते, खराब झाल्यात का ते बघायला. हरेक गिऱ्हाइकाच्या. तुमची पहिली उघडली नि शेवटची उघडली.

महिपती : वाचलीत?

वैशाली : नजर गेली. छोटीशी तर होती. दोन्हींत तेच. 'प्रिय पुंडलिक', मग तब्येतीची विचारपूस, मग 'ते पुस्तक हरवलंच नव्हतं, ते', नि पुढं काही नाय. दोन्ही तिथंच थांबल्यात.

महिपती : सगळ्या तिथेच थांबल्या आहेत.

वैशाली :  पंखा वाढवते. पाणी घ्या.

महिपती : अनिता किती वेळात येईल?

वैशाली : बाजार करून येणार म्हणजे तासभर तरी. तिला माहीत नाय?

महिपती : कोणालाच माहीत नाही. तुम्हाला अर्धं कळलं आहे.

वैशाली : उरलेलं नका सांगू, मी विचारत नाय. पण हात बघा तुमचा, पेला हिंदकळतोय.

महिपती : तो तसाच कापतो, सात-आठ वर्षं. पेन धरवत नाही म्हणून तर हे यंत्र घेतलं. ...पुंडलिक आमच्या ग्रंथालयात शिपाई होता. कायम झालेला नव्हता. खाडीकडचा, मिठागरातल्या माणसांतला. कपाटांच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. आमच्याकडे एक पातळ जुनं पुस्तक होतं, इकडच्या मिठागरांवरचं. शंभर वर्षांपूर्वीचं. त्यात कुठल्या आगरात कोण काम करतं त्यांची नावं होती. पुंडलिकच्या वडिलांना कोणीतरी सांगितलं, की तुझ्या आजोबांचं नाव त्यात आहे. म्हातारा एकदा नाव बघायचं म्हणून मागे लागला. पुंडलिकने मला विचारलं, 'सर, एक दिवस घरी नेऊ का?'

वैशाली : तुम्ही नाय म्हणालात.

महिपती : ते पुस्तक बाहेर द्यायचं नव्हतं. 'बघू' म्हणालो. आणि दोन महिन्यांनी पुस्तकांची मोजणी झाली, तर ते सापडेना. सगळ्यांसमोर प्रश्न आला, की याबद्दल कोणी विचारलं होतं का? मी म्हणालो, पुंडलिकने विचारलं होतं.

वैशाली : ते खरंच होतं ना पण.

महिपती : खरं होतं. तेवढं एकच बोललो. त्याला काढून टाकायला तेवढं पुरलं.

वैशाली : मग पुस्तक कुठं होतं?

महिपती : कपाटात. पातळ पुस्तकं उभी राहत नाहीत, फाटतात. म्हणून तशी दोन-दोन एकत्र बांधून घ्यायची आमची पद्धत. मीच बांधणीला दिली होती. शेतीवरचं एक वर, हे त्याच्या पोटात. पुठ्ठ्यावर दोघांची नावं घालायची असतात. मी एकच घातलं. सुट्टीचे दिवस होते, घाई होती. मोजणी करणारे पुठ्ठ्यावरचं नाव बघतात, आत कोण बघतो? आणि मी विसरलो. शपथेवर सांगतो, तेव्हा मी विसरलो होतो.

वैशाली : आठवलं कधी?

महिपती : तीन वर्षांनी, निवृत्तीच्या वेळी. चार्ज देताना एकेक पुस्तक उघडून दाखवलं, तेव्हा ते मधूनच निघालं. म्हाताऱ्याच्या आजोबांचं नावही होतं त्यात, विसाव्या पानावर. मी नोंदवहीत पेन्सिलीने लिहिलं, 'अमुक पुस्तकात बांधलेले आहे.' आणि वही मिटली.

वैशाली : पेन्सिलीनं.

महिपती : हो. शाई मला झेपली नाही.

वैशाली : नि हे पत्र त्याचं.

महिपती : त्यानंतर पाच वर्षांनी आलं. तोवर तो रोह्याला एका कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टला जात होता. मला पाठ आहे. 'सर, नोकरी परत मागत नाही. एक ओळ लिहून द्या, की पुंडलिकने पुस्तक नेलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवीन. ते रोज म्हणतात, मी मागितलं नसतं तर पोराने चोरी केली नसती.' एवढंच. त्याने तर विचारलंही नव्हतं, की सापडलं का.

वैशाली : एक ओळ तर पाहिजे होती.

महिपती : तीच लिहीत होतो. एकशे बारा वेळा. लिहिलं की वाटायचं, हे पत्र तो शाळेत नेईल. मग चौकशी, पेन्शन थांबेल, पेपरात नाव येईल. कधी वाटायचं, भाषाच बरोबर नाही, अजून नीट लिहू. नीट लिहिण्याच्या नावाखाली अकरा वर्षं काढली मी.

वैशाली : नि आज अचानक पुसायचं कसं सुचलं?

महिपती : किमयाच्या कॉलेजच्या गेटवर वॉचमन आहे. पुंडलिकच तो. अनिताच्या सासरचं आडनाव त्याला माहीत होतं, त्यावरून त्याने तिला ओळखलं, आजीचे भाऊ पेणच्या ग्रंथालयात होते ना, विचारलं. बारा दिवसांपूर्वी ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, 'गेटवरच्या काकांनी निरोप दिलाय. आजोबांना सांग, म्हातारा गेला.' अनिता म्हणाली, 'त्या चोराशी बोलू नकोस.' 

वैशाली : बाप गेला त्याचा.

महिपती : निरोपात दुसरं काही नाही. राग नाही, शिवी नाही. त्या दिवसापासून बेल वाजली की मी आतल्या खोलीत जातो. आता हा लॅपटॉप रोज त्याच्या समोरून आत जाणार, त्यात ही एकशे बारा पत्रं घेऊन. कळलं तुम्हाला? पुसा. कृपा करून पुसा.

वैशाली : पुसते. पण एंटर तुम्ही दाबायचं. माझ्या दुकानाचा नियम हाय. नंतर कोणी म्हणायला नको, की वैशालीनं माझं घालवलं.

महिपती : मी?

वैशाली : गिऱ्हाइकानंच. हे बघा, विचारतंय, या डिस्कवरचं सगळं कायमचं जाईल, चालू करू का?

महिपती : ...दाबलं.

वैशाली : झालं सुरू. एक टक्का.

महिपती : किती शांत आहे. मला वाटलं, आवाज होईल.

वैशाली : आवाज कसला? शून्यं लिहितोय तो.

महिपती : म्हणजे आता मी काही बोललो नाही, तर हे कोणालाही कधीच कळणार नाही.

वैशाली : मला कळलंय ना.

महिपती : तुम्ही सांगाल कोणाला?

वैशाली : नाय. लोकांचं कायकाय बघते मी इथं, बाहेर एक शब्द काढत नाय. पण मी वाचलंय ते कसं पुसू? ते तर राहणारच. काका, मी पण वडखळच्या पलीकडची. आमच्या घरात पण मिठागरात राबलेली माणसं. कागदावर नाव मालकाचं असायचं, आमच्या माणसाचं कुठं असतंय? म्हाताऱ्याला ते बघायचं होतं. मला तर एवढं वाटलं, की त्याला पान तरी दाखवायचं होतं कोणी. चोरी झाली का नाय, ते पुढचं.

महिपती : हे मला कधी सुचलं नाही. मी आपला माझ्या पेन्शनीतच अडकलेला.

वैशाली : वीस टक्के झाले.

महिपती : थांबवता येतं?

वैशाली : थांबवते. पण गेलं ते गेलं. तुमचं फोल्डर कुठल्या भागात होतं ते मला नाय सांगता येणार. थांबवू?

महिपती : नको. चालू दे. त्यातलं मला काही नको. एक कागद मिळेल का?

वैशाली : प्रिंटरमधला घ्या. पेन हे.

महिपती : ...'प्रिय' लिहिलं. बघा, वाचता येतं का?

वैशाली : नाय हो काका. मुंगी शाईत पडून चालल्यासारखं झालंय.

महिपती : तुम्ही लिहून द्याल? मी सांगतो.

वैशाली : लिहीन. दोन मिनटांचं काम. पण मावशी येतायत बघा समोरून. माझ्यासमोर बोललात ते ठीक, मी परकी. तिच्यासमोर बोललात तर लिहून झाल्यावर फाडता येणार नाय तुम्हाला.

महिपती : तिच्यासमोर नाही जमणार.

वैशाली : मग राहू दे.

अनिता : काय राहू दे? झालं का काम? वाल चांगले मिळाले रे दादा. आणि हा असा का बसलाय? गो, ह्याला चक्कर आली का?

वैशाली : नाय मावशी. काकांना एक पत्र लिहायचंय. हात चालत नाय.

अनिता : मग आण इकडे, मी लिहिते. शाळेत अक्षराला बक्षीस होतं माझ्या. कोणाला लिहायचं?

महिपती : पुंडलिकला.

अनिता : कुठला पुंडलिक?

महिपती : तोच.

अनिता : त्या चोराला? कशाला?

महिपती : अनू, तू नुसतं लिही. मध्ये थांबलीस तर मला पुढे बोलता येणार नाही. हवं तर नंतर मला काय ते बोल. लिही. 'प्रिय पुंडलिक, ते पुस्तक तू नेलं नव्हतंस.'

अनिता : ...नेलं नव्हतंस. पुढे?

महिपती : 'ते मीच दुसऱ्या पुस्तकाबरोबर बांधून घेतलं होतं आणि पुठ्ठ्यावर त्याचं नाव घातलं नव्हतं. तीन वर्षांनी ते मला सापडलं. मी कोणाला सांगितलं नाही.'

अनिता : दादा.

महिपती : लिही गं.

अनिता : लिहिलं.

महिपती : 'तुझं पत्र मिळालं होतं. भीतीमुळे उत्तर दिलं नाही. तुझे वडील हे न ऐकता गेले, तो दोष माझा. त्यांच्या आजोबांचं नाव विसाव्या पानावर आहे. पुस्तक त्या कपाटात आजही असेल. हे पत्र तू हवं त्याला दाखव, शाळेत दाखव. मी नाही म्हणणार नाही.' खाली माझं नाव. सही मी करतो, कशीही होवो.

वैशाली : मावशी, पाणी देऊ?

अनिता : नको. ...माघात त्याच्या घरचं मीठ यायचं आपल्याकडे. पहिल्या काढणीचं. फडक्यात बांधून आणायचा. आठवतं?

महिपती : आठवतं.

अनिता : त्याला काढलं त्या साली पण आला होता घेऊन. दारात उभा राहिला. मी ते गाठोडं अंगणात फेकलं. म्हटलं, चोराघरचं मीठ आम्हाला नको. शेजारच्या काशीबाई बघत होत्या, म्हणून आणखी मोठ्याने म्हटलं. तो वाकून मीठ गोळा करत होता, मातीतलं. आणि तू आत होतास.

महिपती : आत होतो. तेव्हा मलाही वाटत होतं, की त्यानेच नेलं असेल.

अनिता : आणि नंतर? सापडल्यावर? सोळा वर्षं माझ्यासमोर ताटावर बसतोस. बारा दिवसांपूर्वी पण मी चोर म्हटलं, पोरीच्या देखत. तू वालाची उसळ वाढून घेतलीस.

महिपती : हो.

अनिता : नाही म्हणता येत नाही तुला, असं मी जगाला सांगत फिरते. कौतुकाने.

महिपती : तू काहीही बोल. मी ऐकतो.

अनिता : मला आत्ता बोलायचं नाही. पेन दे. खाली मला एक ओळ घालायचीय.

महिपती : काय लिहितेस?

अनिता : माझं आहे ते. तू वाचू नकोस. वैशाली, पाकीट आहे का गो?

वैशाली : हाय. नि पत्ता? किमयाकडे द्या ना, सकाळी गेटवर त्याच्या हातातच पडेल.

महिपती : पोरीच्या हातून नको. त्याने टपालाने विचारलं, टपालानेच जाऊ दे. पत्रावर त्याचा रोह्याचा पत्ता आहे. घर तेच असेल.

वैशाली : बरं. इथं अजून बराच वेळ हाय, मग विंडोज चढेल. तुम्ही जाऊन या. पुसून झालं की मी पुढचं लावते.

(पेणच्या टपाल कार्यालयाबाहेर. पाच वाजायला थोडा वेळ आहे.)

अनिता : तिकीट लावलंस ना? मग टाक.

महिपती : अनू, त्याच्या घरी दुसऱ्याच कोणी उघडलं तर?

अनिता : तर ते वाचतील. त्यांना पण कळायला हवंच आहे.

महिपती : तो इथे आला तर? दारात येऊन उभा राहिला तर मी काय बोलू?

अनिता : मला काय विचारतोस? माझी ओळ आहे त्यात. मला तर त्याच्या दारात जायचंय.

महिपती : तसं लिहिलंस?

अनिता : लिहिलं.

महिपती : 'भीतीमुळे' ऐवजी दुसरा शब्द हवा होता का? ते जरा सबब दिल्यासारखं वाटतं. उद्या सकाळी एकदा नीट वाचून...

अनिता : दादा.

महिपती : हातातून सुटत नाही गं.

अनिता : थांब. हात दे इकडे. मी मनगट धरते, पत्र तू सोड.

महिपती : ...सोडलं.

अनिता : बस आता या पायरीवर. पाचला पेटी उघडायला येतील. त्यांनी पत्रं पिशवीत घातलेली बघू, मग उठू.